पहिली ओळ ठेव, बाकीच्या काढ

माझ्याकडे तुकडे आहेत ही बातमी आमच्या सेक्रेटरींपर्यंत कोणी पोचवली, हे मला अजून कळलेलं नाही. संशय बायकोवर आहे. पण ज्या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान तिचं झालं, त्यात तिच्यावरच संशय घ्यायचा इतका निगरगट्टपणा माझ्यात आता शिल्लक नाही.

तुकडे म्हणजे प्रोग्रामचे तुकडे. गेली बावीस वर्षं मी वेबसाइट आणि डेटाबेसची कामं करतो. लोकांना वाटतं की या धंद्यात रोज काहीतरी नवीन असतं. नसतं. रोज तेच असतं. तारीख सरळ करून दाखवायची, फोन नंबरात कोणी अक्षरं टाकली नाहीत ना ते बघायचं, लांबलचक यादीची पानं पाडायची, आणि यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर त्याला एकदाच ठेवायचं. शहाणा माणूस अशा चार-सहा ओळी एकदा लिहितो, जपून ठेवतो आणि पुढच्या कामात उचलून चिकटवतो. मी असे दोनशे चौदा तुकडे जपले आहेत. फाइलचं नाव 'कामाचे'. काही तुकड्यांवर माझ्याच सूचना आहेत. 'ही ओळ काढू नये, कारण नंतर लिहितो' अशी एक सूचना नऊ वर्षांपूर्वीची आहे. कारण अजून लिहिलेलं नाही आणि ओळ काढायची माझी हिंमत नाही.

ऑफिसात आमची टीम लीड माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. मला 'सर' म्हणते आणि माझं काही ऐकत नाही. ती एकदा म्हणाली, "सर, हे सगळं आता तयार मिळतं. आणि वापरायचेच असतील तर तुमचे तुकडे एकदा तपासून तरी घ्या. कुठला कुठून आलाय, हे तुम्हाला तरी आठवतं का?"

मी म्हणालो, "सगळे चालतात."

"चालतात हो. पण कुठे जातात, ते?"

हे मला लागलं. आठवडाभर मी तिच्याशी फक्त कामापुरतं बोललो, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

अशा मनःस्थितीत एका संध्याकाळी सेक्रेटरी आमच्याकडे आले. हे वजन-मापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तराजूत खोट शोधण्यात आयुष्य गेल्यामुळे समोरच्याकडे बघताना ते जरासे एका बाजूला झुकून बघतात. आमच्या चाळीस घरांच्या इमारतीत तळमजल्यावर एक मोठी खोली आहे. त्या खोलीचं काय करायचं यावर सोसायटीत मतदान घ्यायचं ठरलं होतं, आणि ते मतदान 'वेबसाइटवरून, आधुनिक पद्धतीने' व्हावं अशी समितीची इच्छा होती.

त्या खोलीत माझी बायको पुस्तकं बांधते. म्हणजे शाळांची, वाचनालयांची, लोकांच्या घरातली खिळखिळी झालेली पुस्तकं उसवते, शिवते, दाबात ठेवते आणि नवं पुठ्ठ्याचं अंग घालून परत देते. पाच वर्षं झाली. तिच्याबरोबर पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका असतात. खोलीत एक लोखंडी दाबयंत्र आहे, ते चार माणसांशिवाय हलत नाही. खळीचा वास आहे, दोऱ्याची रिळं आहेत, आणि भिंतीला टेकून वाळणाऱ्या पुस्तकांची रांग आहे. बायकोला मी घरात कधी गुणगुणताना ऐकलेलं नाही. त्या खोलीच्या दाराशी ऐकलं आहे.

समितीतल्या काही जणांना तिथे दुचाक्या लावायच्या होत्या. सेक्रेटरींनी खोली मोजली होती. हँडल डावीकडे वळवलं तर सतरा, नाहीतर चौदा.

"तटस्थपणे होईल सगळं," ते म्हणाले. "तुम्ही करताय म्हटल्यावर वहिनींच्याही मनात शंका राहणार नाही."

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. तिथून भांड्याचाही आवाज आला नाही, म्हणजे कान इकडे होते.

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला नीट माहीत आहे. 'मला वेळ नाही' हे तीन सोपे शब्द होते. पण ऑफिसातली ती जखम ताजी होती. मी म्हणालो, "दोन तासांचं काम आहे. सगळे तुकडे तयार आहेत माझ्याकडे."

ते गेल्यावर बायको बाहेर आली. "नीट करा हं," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती ती खोलीची होती, पण मी ती माझ्या कौशल्याबद्दलची शंका समजून घुश्शात गेलो.

दोन तासांच्या कामाला तीन आठवडे लागले, कारण काम मी करत होतो आणि सल्ला एकोणचाळीस घरं देत होती. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सांभाळणारे टाकीवाले काका रोज जिन्यात अडवायचे. त्यांचं म्हणणं, पानाचा रंग निळा असावा, निळ्या रंगाने माणूस शांतपणे मत देतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना अक्षरं मोठी हवी होती. त्यांच्या सौभाग्यवतींना लहान हवी होती, कारण मोठ्या अक्षरांनी आपण म्हातारे वाटतो. कोणीतरी इमारतीचा फोटो टाकायला सांगितला. तो काढायला मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो, तर पलीकडच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने मला हटकलं आणि पंधरा मिनिटं मी कोण आहे हे सिद्ध करत बसलो. सेक्रेटरींना ठराव हवा होता. ठरावाचा मसुदा मीच लिहिला, आणि त्यात 'यंत्राने दिलेला निकाल अंतिम राहील' असं एक वाक्य घातलं. ते मला इतकं आवडलं होतं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

मग सभासदांची यादी आली. आमच्या सोसायटीच्या नियमाप्रमाणे घर दोघांच्या नावावर असेल तर मतं दोन, एक सभासदाचं आणि एक सहसभासदाचं. यादीत शहाऐंशी ओळी होत्या आणि सेक्रेटरींच्या मापाने त्या सात जास्त होत्या. एकच गृहस्थ एकदा पूर्ण नावाने आणि एकदा आद्याक्षरांनी आले होते, असे सात जण. नावं जुळवून ते सापडणार नव्हते. इथे माझा अनुभव कामी आला. नाव माणूस दहा प्रकारे लिहितो, फोन नंबर एकाच प्रकारे लिहितो. फाइलीतला सत्तेचाळीस नंबरचा तुकडा मी उचलला. एकाच फोन नंबरच्या अनेक ओळी असतील तर पहिली ओळ ठेव, बाकीच्या काढ. चार ओळींचा तुकडा आहे. मी लिहिलेल्या सगळ्यात देखण्या ओळींपैकी आहेत त्या.

तुकडा चालवला. पडद्यावर आलं, 'अडतीस ओळी काढल्या.'

सातच्या जागी अडतीस हे वाचून एखाद्या सामान्य माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला. केवढा कचरा साठवतात लोक, असं मनात म्हणत मी स्वच्छ केलेली यादी जुन्या यादीवरच जतन केली.

पुढचं काम सोपं होतं. मत देणाऱ्याने घर नंबर आणि नाव टाकायचं, त्याच्या फोनवर आकडे येतील, ते टाकून दोन पर्यायांतला एक निवडायचा. नाव शोधणारा तुकडा मी अकरा वर्षांपूर्वीच्या एका कामातून घेतला. शनिवारी दुपारी चाचणी घेतली. या धंद्यातला प्रत्येक माणूस स्वतःच्याच नावाने चाचणी घेतो, कारण ते पाठ असतं. नाव टाकलं, आकडे आले, पहिला पर्याय दाबला, 'आपले मत नोंदवले आहे' असं आलं. चहा प्यायलो.

पहिला पर्याय पार्किंगचा होता.

मतदान रविवारी, नऊ ते बारा. नऊ वाजून पाच मिनिटांनी दारात टाकीवाले काका उभे. हातात फोन, आणि फोन अंगापासून लांब धरलेला.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं, आणि निळ्या, शांत पानावर मजकूर होता, 'या नावाचे जनावर आमच्या नोंदीत नाही. कृपया मालकाला सोबत आणावे.'

अकरा वर्षांपूर्वीचं ते काम गुरांच्या दवाखान्याचं होतं.

तुकड्यात मजकूर दोन होते. आकडे चुकले तर काय सांगायचं, तो मी बदलला होता. नाव सापडलं नाही तर काय सांगायचं, तो माझ्या नजरेला कधी पडलाच नाही, कारण माझं नाव सापडत होतं.

"मालक म्हणजे कोण? ही का?" काकांनी विचारलं. त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्यांचं मत देऊन झालं होतं आणि त्या फार प्रसन्न दिसत होत्या.

काकांना मी खुर्चीवर बसवेपर्यंत जिन्यात पावलं वाजू लागली. एकेक करत बायका येत होत्या. काही रागावलेल्या, काही हसून हसून लाल झालेल्या, आणि हसणाऱ्यांची मला जास्त भीती वाटली. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "वाक्य शुद्ध आहे. तेवढंच." चाळीस वर्षं त्यांनी मुलांना असंच वर्गाबाहेर काढलं असणार.

मी मोजणी केली. यादीतून सात खोटी माणसं गेली होती आणि एकतीस खरी. एकोणतीस बायका, एक कोणाची तरी आई, आणि टाकीवाले काका. ज्या घरात नवरा-बायकोचा फोन नंबर एकच लिहिलेला होता, त्या घरातली पहिली ओळ राहिली होती आणि दुसरी गेली होती. काकांच्या घरी अर्ज काकूंनी भरला होता. त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मी धावत सेक्रेटरींकडे गेलो. मतदान थांबवा, म्हणालो. ते एका बाजूला झुकून माझ्याकडे बघत राहिले. "सुरू झालेलं मोजमाप मध्येच थांबवत नाहीत," ते म्हणाले. "आणि चालू मतदानात नावं घातली तर उद्या लोक काय म्हणतील? तुमच्याच सौभाग्यवतींचं नाव त्यात."

यात तथ्य होतं. वर येऊन मी पहिलं काय केलं असेल? तो मजकूर बदलला. माझी अब्रू त्या दोन वाक्यांत टांगलेली होती आणि दुसरं काही मला दिसत नव्हतं. अर्धा तास घालवून मी 'आपले नाव आमच्या नोंदीत नाही, तसदीबद्दल क्षमस्व' असं केलं, आणि ते मधोमध येत नव्हतं ते मधोमध आणलं.

अकराच्या सुमारास बायको खालून आली. हाताला खळ लागलेली. तिने टेबलावर फोन ठेवला, नाव टाकलं, आणि आलेला मजकूर वाचला.

"जनावर काढलंत," ती म्हणाली. "मला कधी घालणार?"

मी तिला यादी, नंबर, पहिली ओळ, दुसरी ओळ हे सगळं समजावून सांगू लागलो. तुकडा कसा बरोबर आहे हेही सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत. मग हात धुऊन परत खाली गेली. त्या दिवशी मी खोलीवरून दोनदा गेलो, आतून गुणगुणणं ऐकू आलं नाही.

निदान आपलं मत तरी खोलीला द्यावं म्हणून पावणेबाराला मी बसलो. पान म्हणालं, 'आपण मत दिलेले आहे.' एका माणसाला दोनदा मत देता येऊ नये याची मी चोख व्यवस्था केली होती. शनिवारची चाचणी मोजली गेली होती. हे मी बायकोला सांगितलं नाही. सांगणार होतो, पण दिवस बरा निघू दे म्हटलं, आणि तसा दिवस बरेच दिवस निघाला नाही.

निकाल लागला. पार्किंग अठ्ठावीस, खोली बारा. 'यंत्राने दिलेला निकाल अंतिम राहील' हे वाक्य सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लाल शाईने अधोरेखित केलं.

फेरमतदान हवं असेल तर निबंधक कार्यालयाचा हुकूम आणा, असं ते म्हणाले. निबंधक कार्यालय म्हणजे सोसायट्यांच्या भांडणांची सरकारी जागा. पहिल्या खेपेला आमच्या इमारतीचं टेबल रजेवर होतं. टेबलावरचा माणूस रजेवर आहे असं मी म्हणालो, तर शेजारच्या टेबलाने मला दुरुस्त केलं. दुसऱ्या खेपेला टेबल भेटलं. बाई होत्या, शांत, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता. 'दोष कोणाचा: यंत्राचा किंवा व्यक्तीचा. एकावर खूण करावी.'

मी क्षणाचाही विचार न करता यंत्रावर खूण केली.

"मग यंत्र सदोष असल्याचा दाखला लागेल," बाई म्हणाल्या.

"मीच देतो. मीच बनवलंय."

"बनवणाऱ्याचा चालत नाही. दुसऱ्या जाणकाराचा लागेल."

जाणकार म्हणून मला एकच नाव सुचलं आणि नाक मुठीत धरून मी टीम लीडसमोर जाऊन उभा राहिलो. गुरांच्या दवाखान्याचा भाग मी वगळणार होतो, पण तिने विचारून काढला. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. नंतर पाणी प्यायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली. मग तिने सत्तेचाळीस नंबरचा तुकडा दोनदा वाचला.

"सर, मजकुराचा गोंधळ वेगळा. पण माणसं गेली ती या तुकड्यामुळे, आणि यात काही चूक नाही. त्याला जे सांगितलंय ते तो बरोबर करतो. छान लिहिलाय खरं तर. मी याला सदोष असा दाखला कसा देऊ?"

बावीस वर्षांत ऑफिसात माझ्या तुकड्याचं झालेलं हे पहिलं कौतुक. ते घेऊन मी कुठे जाणार होतो?

तिसऱ्या खेपेला बाईंनी नवा अर्ज दिला. "यंत्र बरोबर असेल तर व्यक्ती," त्या म्हणाल्या. "मग ही यादी आली कुठून? मूळ अर्ज आणा. कोणी काय लिहिलंय ते बघू."

सेक्रेटरींनी कपाटातून जुनी फाइल काढून दिली. सोसायटी झाली तेव्हाचे अर्ज, प्रत्येक घराचा एक. मनात मी यादी टाइप करणाऱ्याला पकडायच्या तयारीत होतो. आळशीपणाने त्याने एकच नंबर दोनदा उतरवला असणार, असं मी गृहीत धरलं होतं. फाइल उघडली. पहिला अर्ज दातांच्या डॉक्टरांचा. सभासदाचं नाव, त्यापुढे फोन. सहसभासदाचं नाव, आणि फोनच्या जागी 'वरीलप्रमाणे'. दुसरा अर्ज, 'वरीलप्रमाणे'. तिसऱ्यावर शब्दही लिहायचे कष्ट न घेता दोन टिंबं. टाइप करणाऱ्याने इमानदारीने वरचा नंबर खाली लिहिला होता.

सतरावा अर्ज आमचा होता. अक्षर माझं. मी त्या वेळी शाईचं पेन वापरायचो. माझं नाव, माझा नंबर. खाली तिचं नाव, आणि पुढे माझ्याच वळणदार अक्षरात, 'वरीलप्रमाणे'. तो अर्ज भरताना ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्याकडे तेव्हाही स्वतःचा फोन होता. मी विचारलं नव्हतं.

मला लाज वाटली. जनावराच्या मजकुराने वाटली होती ती लाज चारचौघांतली होती, ही तशी नव्हती. सेक्रेटरी समोर बसले होते. त्यांनी हळूच स्वतःचा अर्ज काढून बघितला, आणि तितक्याच हळूच फाइलीत परत ठेवला.

अर्जावर मी व्यक्तीवर खूण केली आणि पुढे माझं नाव लिहिलं. बाईंनी केसांतली पेन्सिल काढून त्याखाली रेघ ओढली. हुकूम निघाला. फेरमतदान घ्यावं, मात्र दोषी व्यक्तीने घरोघरी प्रत्यक्ष जाऊन वगळलेल्या सभासदांचे स्वतःचे नंबर सहीनिशी घ्यावेत.

'दोषी व्यक्ती' म्हणून वही घेऊन मी एकतीस दारं वाजवली. बहुतेक ठिकाणी दार नवऱ्याने उघडलं.

"नंबर? माझा आहे की तुमच्याकडे."

"वहिनींचा हवाय."

मग आत वळून, "अगं, तुझा नंबर काय गं?" हे वाक्य मी अकरा दारांत ऐकलं, त्याच चालीत. एका घरात नवऱ्याने ऐटीत नंबर सांगितला आणि बायको आतून म्हणाली, तो गॅसवाल्याचा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून वहीतल्या माझ्या अक्षराला दहापैकी सहा गुण दिले. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "आधी सांगा, जनावर म्हणून लिहिताय की माणूस म्हणून?" मी माणूस म्हणून असं सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. सेक्रेटरींच्या घरी त्यांच्या सौभाग्यवतींनी दार अर्धंच उघडलं, नंबर हलक्या आवाजात सांगितला, सही केली आणि मी आभार मानायच्या आत दार लावून घेतलं.

एकतिसावं नाव आमचंच. ती खाली खोलीत होती. मी दारात उभा राहिलो. ती एका जाड पुस्तकाची पाठ शिवत होती.

"नंबर हवाय," मी म्हणालो.

"तुमच्या फोनमध्ये आहे."

"आहे. 'घर' म्हणून आहे. पाठ नाही."

तिने दोरा दातांनी तोडला. मी आत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अर्जावर काय लिहिलं होतं ते सांगितलं. शनिवारच्या चाचणीचं, पार्किंगला गेलेल्या मताचंही सांगितलं. माफी मागितली. तीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळदा 'बरं बाई, चुकलं' म्हणालो आहे, पण ते विषय संपवण्यासाठी. हे तसं नव्हतं, आणि तिला ते कळलं असावं, कारण तिने सुई बाजूला ठेवली.

"तो अर्ज मला आठवतोय," मग ती म्हणाली. "तुम्ही लिहिताना मी बघत होते. मला वाटलं, एवढ्यासाठी काय बोलायचं."

वही तिने माझ्याकडून घेतली. "द्या, मी लिहिते," म्हणाली, आणि सावकाश, एकेक आकडा सुटा सुटा लिहून सही केली.

फेरमतदान पुढच्या रविवारी झालं. पंचाहत्तर जणांनी मत दिलं, मी खोलीला दिलं. मजकूर, नावं, नंबर सगळं चोख. एकही तक्रार आली नाही. निकाल मी स्वतः छापून फलकावर लावला. पार्किंग एकोणचाळीस, खोली छत्तीस.

मी हिशोब मांडून बघितला. ज्या एकतीस दारांवर मी गेलो होतो, त्यांतल्या निदान आठ-दहा जणींनी पार्किंगला मत दिलेलं होतं. त्यांच्याही दुचाक्या आहेत, पाऊस त्यांच्याही सीटवर पडतो. पण हे सगळं शहाणपण नंतरचं. फलकासमोर उभं असताना मला फक्त बायकोकडे बघायचं नव्हतं.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कागद वाचला. दोनदा वाचला.

"यात माझं मोजलंय ना?"

"मोजलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. ठीक नव्हतं. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "तीन मतांनी हरले. मागच्या वेळी मी हरलेसुद्धा नव्हते."

जिन्यात सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी तिला गाठलं आणि आपलं मत खोलीला होतं असं कानात सांगितलं. आमच्या ह्यांना बोलू नका, असंही म्हणाल्या. सेक्रेटरी स्वतः संध्याकाळी आले, खोली रिकामी करायला महिनाभर घ्या म्हणाले, आणि दाबयंत्र दारातून कसं निघेल याची मापं घेऊन गेले. मापं बरोबर निघाली.

ते लोखंडी यंत्र लिफ्टमध्ये बसत नव्हतं. चार हमालांनी ते जिन्याने वर आणलं, प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक सल्ला देत होते. ते आमच्या घरात आलं तेव्हा मी ऑफिसातून नुकताच पोचलो होतो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी, जिथे उजेड चांगला येतो, तिथे माझं कॉम्प्युटरचं टेबल असायचं. ते आता भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये आणलेलं होतं, वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या. यंत्र खिडकीशी होतं. घरभर खळीचा वास होता.

"इथे?" मी म्हणालो.

"तुम्हाला विचारणार होते," ती पदर खोचत म्हणाली. "मग म्हटलं, तुमचं मत वरीलप्रमाणेच असणार."

तिने टेबलाचं एक टोक धरलं होतं आणि ती थांबली होती. मी दुसरं टोक उचललं, आणि आम्ही ते टेबल स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बोळात नेऊन ठेवलं.